सूतगिरणीतल्या बारा टाक्या

१

"साठ पाहिजेत. अठ्ठेचाळीसच हायत."

सुभेदार धर्मराज ओव्हाळ एवढंच बोलले आन् मोजदादीचा कागद दुमडला. मी दारातच उभा होतो, स्क्रू ड्रायव्हरची पिशवी खांद्याला. खोटं न्हाई सांगत, घाम फुटला मला. दोन हजार तेराचा मे महिना, वर पत्रे, आन् त्यात हे.

जागा तुमाला ठावं हाय. नेकनूर रोडची बंद पडलेली सहकारी सूतगिरणी. तिचं मागचं गोदाम फौजेनं चार वर्षांपासून घेतलंय. बंदुका-बिंदुका काही न्हाई तितं. तंबू, ताडपत्र्या, दोरखंड आन् घडीच्या रबरी टाक्या. एकेका टाकीत पाच हजार लिटर पाणी बसतं, आन् टाकी रिकामी केली की सतरंजीवानी घडी होती. दुष्काळ म्हणून त्या टाक्या गावांना द्यायचं ठरलतं. लिंबागणेशकडच्या वस्त्यांची यादी भिंतीवर लागलेली. मंगळवारी ट्रक निघणार होते. आन् सोमवारी सकाळी मोजदादीत बारा टाक्या कमी!

मोजायला आलेले सुभेदार फौजेच्या सामानखात्यातून रिटायर झालेले. उंच, बारीक, बोलणं कमी. फौजेच्या मोठ्या डेपोतनं दर वर्षी त्यांनाच पाठवायचे. आवक-जावकीच्या पावत्यांची फाईल मागितली त्यांनी. तर फाईल बी गायब.

म्हणजे टाक्या न्हाईत आन् त्या कधी, किती आल्या त्याचा कागद बी न्हाई. आता संशय कुणावर जाईल सांगा?

केसरमावशीवर. केसरबाई जोगदंड, गोदामाची स्टोअरकीपर. चार वर्षं ठेक्यावर. जूनमदी कायम व्हायची ऑर्डर निघणार होती. चाव्या दोन. एक मावशीच्या कमरेला, दुसरी गिरणीचे चेअरमन आबासाहेब यांच्याकडं.

गोदामाच्या हेडक्लार्क बबनरावांनी लगेच मोठ्या डेपोला फोन लावला. "साहेब, त्या होळीच्या आदल्या दिवशी आलेल्या बारा टाक्याच गेल्या म्हणायच्या. व्हय... व्हय साहेब." फोन ठिवला आन् खाली बघत म्हणले, "पाच वाजेपर्यंत लेखी उत्तर मागितलंय. न्हाई तर पोलिसात केस. तोवर गोदामाला सील, मोजदादीपुरतंच उघडायचं."

"आन् उद्याचे ट्रक?" मावशीनं इचारलं.

"आता कुठले ट्रक बाई!"

मग सुभेदार माझ्याकडं वळले. मी बीडच्या दुकानाचा मेकॅनिक, गोदामातल्या मालाची नोंद असती त्या कंप्युटरची देखभाल आमच्याकडं.

"सिदू, यंत्र बरं हाय का? साठ म्हणतंय ते खरं धरू?"

मी म्हणलो, "कंप्युटर खोटं बोलत न्हाई साहेब."

आन् तसं लिहून सही बी दिली. यंत्र सुस्थितीत. दर वर्षी देतो तशीच.

मावशीनं कमरेची चावी सोडली, टेबलावर ठिवली. माझ्याकडं बघितलं बी न्हाई.

२

सुभेदारांनी चौकशी म्हणजे काय केली? एक खुर्ची लिंबाखाली टाकली, चहा मागिवला, आन् एकेकाशी असे बोलले जसं काय सोयरीक जमवायलेत.

आधी मावशी.

"दाराला जबरदस्ती न्हाई, कुलूप धड हाय. चावी कुणाला दिलती?"

"न्हाई भाऊ. झोपताना बी उशाखाली असती."

"कंप्युटरवर नोंदी कोण करतं?"

"मीच."

"लाईट गेली तर?"

"बंद पडतो. आली की पुन्हा चालू करायचा." मावशीनं पदर सारखा केला. "हल्ली लई जाती. परळीचं विजेचं केंद्र पाण्याबिगर बंद हाय म्हणं. दिसातून चारदा जाती."

"मग तारीख-बिरीख कोण लावतं?"

इथं मावशी थांबली. उगं घडीभर. बबनरावांच्या खोलीकडं बघितलं. "साहेब लावतात."

सुभेदारांनी काही लिहिलं न्हाई. नुसती मान हलिवली.

मग आबासाहेब आले, पांढरी गाडी घेऊन. यायच्या आधीच तापलेले. "सुभेदार, गिरणी बुडाली तवा लोकं माझ्याच नावानं बोंबलले. आता फौजेच्या टाक्या बी मीच खाल्ल्या म्हणा!"

"चावी कुठं हाय आबासाहेब?"

"बँकेच्या लॉकरात. दोन वर्षं झाली. जाऊन बघा, उघडल्याची सही बी सापडायची न्हाई." चहा न घेताच निघाले. गाडीत बसताना म्हणले, "माझ्याकडं काय बघता, त्या सटव्याला धरा. त्याच्या ट्रॉलीत खाकी रबराचं काहीतरी झाकून नेताना अख्ख्या नेकनूरनं बघितलंय."

सटवा म्हणजे गिरणीचा जुना ड्रायव्हर. फौजेचं सामान उतरवायला त्याचाच ट्रॅक्टर असतो. आन् सध्या त्याच ट्रॅक्टरनं वस्तीवर पाणी बी पुरिवतो.

मी म्हणलो, "साहेब, ह्योच!"

सुभेदार म्हणले, "तुझी गाडी काढ."

दुपारच्या उन्हात तिकडं गेलो बे! रस्त्यानं एक हिरवं पान दिसंना. सटव्याच्या वस्तीला ट्रॉली उभी, आन् तिच्यात खरंच, खाकी, फुगलेली, पाण्यानं टच्च भरलेली टाकी!

मी वरडलो, "घावली!"

३

"काय घावली रं?" सटवा बाजेवरनं उठला. "माझ्या ट्रॉलीला हात लावशील तर तंगडं मोडीन."

सुभेदारांनी वरची ताडपत्री बाजूला सारली. खाली काळं प्लॅस्टिक. शेततळ्याला अंथरतात तो जाड कागद! सटव्यानं तो कापून, चारी बाजूंनी बांबूला बांधून, ट्रॉलीचीच टाकी केलती. खाकी रंग नुसता वरच्या फाटक्या ताडपत्रीचा.

"तळं कोरडं ठाक हाय," सटवा म्हणला, "कागद तरी कामाला येऊ द्या."

माझं तोंड एवढं झालं. सटवा मात्र दात काढत हसला. "फौजेची टाकी पळविली म्हणून आलता व्हय? अवो, ती टाकी घेऊन मी काय डोंबल करू? पंप कुठाय? टँकरमधून पाणी वर चढवायला त्या टाकीसंगं पायानं मारायचा पंप येतो, नळी त्यालाच. मीच उतरिवल्यात, मला ठावं. पंपाबिगर टाकी म्हणजे म्होरकीबिगर बैल. म्या चोरायचंच ठरिवलं असतं तर आधी पंप नेला असता."

सुभेदार जागेवर थांबले. एकदम.

"प्रत्येक टाकीसंगं एक पंप?"

"एकाच पेटीत येतात की."

"सटवा, पाणी दे रं जरा." प्याले, तांब्या ठिवला आन् मला म्हणले, "चल. आपण चुकीची वस्तू मोजली."

परत येऊन सुभेदार गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात गेले. मोजले पंप. मी मोजले, त्यांनी मोजले. अठ्ठेचाळीस. मग कंप्युटरच्या खोलीत मावशीला म्हणले, "पंप किती दाखिवतंय बघा."

मशीनला उघडायलाच पाच मिनिटं लागली. घरघर, घरघर. मावशीनं चष्मा लावला.

"अठ्ठेचाळीस."

"आता इचार करा," सुभेदार हळू म्हणले. "टाकी आन् पंप एकाच पेटीत येतात. गोदामात दोन्ही अठ्ठेचाळीस. कंप्युटरच्या नोंदीत पंप अठ्ठेचाळीस, टाक्या साठ. चोरानं बारा टाक्या नेल्या आन् त्याच टाक्यांचे बारा पंप हितं सोडले असते, तर गोदामात पंप साठ उरले असते. न्हाई उरले. पंपासकट नेल्या असत्या, तर नोंदीत पंप साठ दिसले असते. न्हाई दिसले. मग फौजेनं काय बारा टाक्या पंपाबिगर पाठिवल्या?"

"तसं कधीच होत न्हाई," मावशी म्हणली.

"मग त्या बारा टाक्या चोरीला गेल्याच न्हाईत. त्या आल्याच न्हाईत."

मावशी खुर्चीवरनं उठली. "म्हणजे मी खोटी नोंद केली असं म्हणता?"

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. "सिदू. सकाळी इचारलं तेच पुन्हा इचारतो. यंत्र बरं हाय का?"

४

आता हसू नका बे. मी मान खाली घातली आन् सगळं ओकलो.

ते मशीन मोठ्या डेपोनं टाकून दिलेलं. दोन हजार दोनचं. आत एक बटणाएवढं शेल असतं, लाईट नसताना त्याच्यावर घड्याळ चालतं. ते शेल मरायचं. मी नवीन टाकायचो, आठवड्यात ते बी मरायचं. कारण बोर्डच आतून गेलता. आन् तसला बोर्ड आता कुठं मिळत न्हाई. पण तसं लिहून दिलं तर मालक म्हणायचा, मग देखभाल कशाची करतोस? म्हणून दर वर्षी सही. सुस्थितीत.

"घड्याळ मेल्यावर काय होतं?"

सांगायची गरजच पडली न्हाई. अडीच वाजले, लाईट गेली. अर्ध्या तासानं आली. मावशीनं सवयीनं बटण दाबलं, मशीन चालू झालं आन् कोपऱ्यात तारीख आली. एक जानेवारी, दोन हजार दोन.

सुभेदार खुर्चीच्या टोकावर आले. "ह्या तारखेत नोंद केली तर?"

"यादीत दिसत न्हाई," मावशी म्हणली. "यादी चालू वर्षाचीच दिसती. मी आधी तारीख लावती, मग—" आन् जीभ चावली.

"आन् खालची एकूण बेरीज? ती बी चालू वर्षाची?"

हे मला ठावं होतं. "न्हाई साहेब. बेरीज सगळ्या वर्षांची मिळून होती."

"दोन हजार दोनची यादी काढ."

आठ मिनिटं, बरं का. आठ मिनिटं आमी तिघं त्या काळ्या पडद्याकडं बघत बसलेलो. मग एक ओळ आली. एकच. घडीच्या टाक्या, आवक, बारा.

"दोन हजार दोनला हितं सूत निघायचं," सुभेदार म्हणले. "फौज यायची होती. म्हणजे झालं असं: कधीतरी माल आला, त्याच वेळी लाईट बी येऊन-जाऊन. मशीन चालू केलं, पहिली ओळ टाकीची भरली. यादीत दिसंना. ध्यानात आलं, तारीख बिघडली. तारीख नीट केली, टाकीची ओळ पुन्हा भरली, मग पंपाची भरली. टाकी दोनदा, पंप एकदा."

"मला वाटायचं पहिली पुसली जाती," मावशीचा आवाज बारीक झालता. "मशीन अडकलं की लई नोंदी पुसल्या जायच्या. पुन्हा करायची, झालं. कोणत्या दिवशी हे झालं त्ये मला आठवंना बी."

मी उडीच मारली. "सुटलं की मग! सांगा डेपोला!"

"न्हाई सुटलं," सुभेदार म्हणले. "ह्या ओळीला तारीख खोटी हाय. डेपो म्हणंल, चोरी झाकायला बाईनं आजच भरली. त्या दिवशी बाराच आल्या, चोवीस न्हाई, ह्याला कागद पाहिजे. फाईल पाहिजे." घड्याळात बघितलं. साडेतीन. "आन् फाईल कुणाकडं हाय ते मला सकाळीच कळायला पाहिजे होतं."

५

बबनराव खोलीत एकटेच बसलेले. डबा तसाच, उघडलेला बी न्हाई.

सुभेदार समोर बसले. "बबनराव, कंप्युटरच्या यादीत टाक्या तीन खेपांत आल्यात. एक खेप चोवीसची, दोन बारा-बाराच्या. सकाळी फाईल न्हवती, यादी कुणी काढली न्हवती. मला फक्त एवढंच ठावं होतं की बारा कमी हायत. तुमी मात्र फोनवर म्हणलात, होळीच्या आदल्या दिवशीच्या. कोणती खेप, हे तुमाला कुणी सांगितलं?"

बबनराव डब्याच्या पिशवीकडं बघत राहिले. मग त्यांनीच ती पिशवी टेबलावर ठिवली. डब्याखाली फाईल.

मी हात घालणार तर सुभेदारांनी थांबिवलं. त्यांनी एकेक पावती उलटी केली. प्रत्येकीच्या पाठीमागं पेन्सिलीनं, मावशीच्या बारीक अक्षरात. *लाईट गेली. तारीख बिघडली. बबनराव साहेबांनी दिलेल्या पासवर्डानं नीट केली.* पान उलटा, तेच. दिवस वेगळा. होळीच्या आदल्या दिवसाच्या पावतीवर, पुढच्या बाजूला छापील अक्षरात टाक्या बारा, पंप बारा. मागं पेन्सिलीनं: *टाकीची नोंद दिसेना. पुन्हा केली.*

"शनिवारी मोजदादीची तयारी करताना वाचलं," बबनराव म्हणले. "सगळं ध्यानात आलं. पासवर्ड कुणाला देता येत न्हाई, नियम हाय. दिवसातून चारदा मी तरी किती उठू? गुडघे हे असले. म्हणून बाईला दिला. चार महिन्यांनी रिटायर होतोय सुभेदार. चौकशी लागली की पेन्शनची कागदं अडकली."

"आन् बाई जेलात गेली असती तर?"

"मला वाटलं, टाक्याच न्हाईत तर सिद्ध कसं होईल. सुटंल." मग अजून हळू, "असं मी मला समजावलं."

दारात मावशी उभी होती. कवा आली कुणाला कळलंच न्हाई.

बबनराव तिच्याकडं न बघता बोलत राहिले. नवीन कंप्युटरसाठी त्यांनी तीनदा लिहिलतं. तिन्ही वेळा कागद परत. शेरा एकच: यंत्र सुस्थितीत असल्याचा मेकॅनिकचा दाखला जोडलेला आहे, बिघाडाची नोंद असल्यास सादर करावी. "पहिल्यांदा बाईनं बिघाड लेखी कळविलता. तर उलटं पत्र आलं की कर्मचारी अप्रशिक्षित. तवापासून तिनं वर काही कळविलं न्हाई, पावतीच्या पाठीमागं लिहीत बसली."

"लिहिलं न्हाई तर मन खायचं," मावशी म्हणली. "आन् दाखिवलं तर पुन्हा मीच अडाणी."

मला लई लाज वाटली बे. म्हणजे बघा ना, मी सुस्थितीत लिहायचो. मावशी बिघडलेलं रोज गपचूप नीट करायची. बबनराव पासवर्ड देऊन मोकळे. तिघांनी मिळून ते मढं असं सजिवलं की वरच्यांना ते जितंच दिसायचं. मग नवीन कावून देतील?

सुभेदारांनी पावत्या मोजल्या. चौऱ्याण्णव वेळा बिघाड. फाईल मिटली आन् मावशीपुढं सरकिवली.

"बाई, ही जोडली तर तुमी सुटता. पण पाठीमागचं बी वाचलं जाणार. पावतीची नुसती पुढची बाजू झेरॉक्स करून बी पाठविता येती. तेवढ्यावर तुमच्यावरची चोरी निघती. बबनरावांचं नाव येत न्हाई. पण मग यंत्र तेच राहतं, आन् पुढच्या साली पुन्हा असंच होतं. तुमी सांगा."

बबनरावांचे हात नुसते टेबलावर.

मावशी पुढं आली, फाईलवर हात ठिवला. मग म्हणली, "साहेब, सकाळी मी पासवर्डाचं नाव घेतलं न्हाई. तारीख तुमीच लावता म्हणून खोटं बोलले. तुमी मला पोलिसात देत होता तवा बी न्हाई घेतलं."

"खरंय बाई."

"तुमी चार महिन्यांनी घरी जाल. मला अठरा वर्षं हितंच बसायचंय. पाठ बी जोडा सुभेदारभाऊ." थांबली. "पण एक लिहा. पासवर्ड मीच मागितलता. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून मागितलता. त्यांनी टाळला न्हाई, दिला. एवढं लिहा."

बबनरावांनी चष्मा काढला आन् उगंच पुसत बसले.

लाईट पुन्हा गेलती. म्हणून मग सगळं हातानंच लिहिलं. सुभेदार सांगायचे, मी लिहायचो. नवीन यंत्र का पाहिजे, त्या रकान्यात त्यांनी आधी घड्याळ, बोर्ड, वेग असं सगळं घातलं. मग मला म्हणले, "अजून एक ओळ लिही. 'हे यंत्र चालत नव्हते. ते चालते आहे असे आम्ही दिसू दिले.'" खाली सह्या. आधी बबनरावांनी केली. मग मी, माझा आजवरचा दाखला खोटा हाय असं लिहून. दुकानातनं हाकलतील असं वाटत होतं. हाकललंच पुढं, ते सोडा.

लाईट आली तसे गावातल्या फॅक्सवर कागद गेले. पाचला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला. मोठ्या डेपोचे साहेब. सुभेदारांनी "जी सर, जी सर" केलं. साहेबांनी सील काढायला सांगितलं, ट्रक उद्याच निघू द्या म्हणले. मग पलीकडून काहीतरी इचारलं. मला बी ऐकू आलं, एवढा मोठा आवाज होता त्या माणसाचा.

"ही चौऱ्याण्णव वेळची नोंद ठेवली कोणी?"

सुभेदारांनी रिसिव्हर मावशीपुढं धरला.

मावशी आधी मागं सरकली. चार वर्षांत त्या फोनवर ती एकदा बी बोलली न्हवती. मग पदराला हात पुसले, रिसिव्हर कानाला लावला आन् ताठ उभी राहिली.

"मी ठिवली साहेब. केसरबाई जोगदंड, स्टोअरकीपर. इचारा काय इचारायचं ते."